चढ

धारूरच्या घाटात माझा बाप
ट्रकच्या मागं चालायचा.
क्लीनर होता, पण घाट बसून चढल्याचं
त्याला एकदाही आठवत नाही.
सरकीची पोती भरलेली गाडी पहिल्या गिअरात कण्हायची
आणि हा मागच्या चाकाच्या अंगानं,
पोटाशी एक काळा दगड धरून.
गाडी दमली की दगड चाकाखाली.
निघाली की दगड उचलायचा आणि पळायचं.
"चढती ती गाडीच," म्हणायचा,
"आपुन निस्तं तिला मागं येऊ देत नाय."

मी खांबावर चढते.
पंचफुला तुळशीराम गायसमुद्रे,
ऑर्डरीत काहीतरी लांबलचक पद लिहिलंय,
गावाला मी वायरमनच.
पहिल्यांदा चढले त्या दिवशी खाली
पन्नासेक माणसं जमली होती,
लाईट गेल्याचं कुणाला दुःखच नव्हतं.
एक म्हातारी तेवढी म्हणाली,
"माय, उतरायचं शिकलीस का आधी?"

वरून सगळं दिसतं.
दोडक्याचा वेल शाळेच्या पत्र्यावर चढलेला.
मारुतीला चढलेला शेंदूर, पुटावर पूट,
आता नाक कुठं ते गुरवालाच ठाऊक.
मुस्तकीमभाईनं पोराच्या नोकरीसाठी
दर्ग्यावर चढवलेली हिरवी चादर.
सोयाबीनचा भाव चढतो,
आमचं विकून झाल्यावर.
सरपंचाचा आवाज चढतो,
माइक बंद असला तरी;
माइक मीच बंद केलेला असतो कधीकधी, फ्यूज काढून.
आणि आमच्या भावजींना सातच्या पुढं जी चढते
ती उतरेपर्यंत
अक्का जिन्यात बसून राहते.
किती वर्षं ती त्याच पायरीवर.

चुलत्यानंही कोर्टाची पायरी चढलेली,
बांधाच्या दीड हातासाठी.
बांध होता तिथंच आहे. चुलता गेला.

या शब्दाला दिशा आहे असं
मला शाळेत वाटायचं.
बाईंनी फळ्यावर उलट अर्थी जोडी लिहिली होती,
चढणे, उतरणे,
मधे एक सरळ रेघ.
पण ताप चढतो तेव्हा
माणूस अंथरुणात खाली खाली जातो.
गंज चढतो, तो तर लोखंड खातो.
खांबाच्या बुडाशी मी आधी हातोडी मारून बघते,
आवाज कसा येतो ते.

श्रावणात बापाला अंबाजोगाईला नेलं.
सिस्टर म्हणाली, "रक्त चढवावं लागंल, दोन बाटल्या."
सळईला पिशवी टांगली.
मी बघत बसले.
थेंब
खाली पडत होता.
मग दुसरा. खालीच.
नळीतून, सुईतून, बापाच्या हातात,
सगळा रस्ता उताराचा,
आणि शेजारच्या खाटेवरची बाई विचारत होती,
"कवाधरनं चढायलंय?"

रात्री बापानं डोळे उघडले.
"कुठवर आली?"
मला आधी कळलंच नाही.
मग म्हणाले, "दुसरं वळण झालं, दादा."
"लोड लई हाय."
"व्हय."
"दगड?"

खाटेचं डोकं वर केलेलं होतं,
त्याला धाप लागू नये म्हणून,
आणि तो सारखा पायथ्याकडं घसरत होता.
दोनदा काखेत हात घालून वर ओढला.
तिसऱ्यांदा मी माझी हत्यारांची पिशवी उचलली,
पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे,
वर त्याचं धोतर गुंडाळलं मऊ व्हावं म्हणून,
आणि त्याच्या टाचांखाली लावली.

त्यानं पायानं चाचपून पाहिलं.
"नीट बसला?"
"बसला."

बाहेर कुणाची तरी जीप चढावर बंद पडली होती,
स्टार्टर नुसताच घरघरत होता.
पिशवीत अजून अर्धं रक्त होतं.
मी बापाच्या पावलांशी बसून राहिले,
एक हात पिशवीवर.